सोलापूरच्या पक्षकारासाठी हायकोर्ट: नक्कल मागण्यापासून आदेश हाती येईपर्यंत

१८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याचं हायकोर्ट कोल्हापुरात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या त्याच हायकोर्टाच्या खंडपीठाकडे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आले. त्याआधी आपली माणसं रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायची, सकाळी सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या त्या दगडी इमारतीपर्यंत चालत जायची आणि तारीख घेऊन परतायची. तो खर्च आणि ती दमछाक आता कमी झाली आहे. गोंधळ मात्र तसाच आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ अंतरामुळे नव्हताच.

आमच्या आत्याचा मोहोळ तालुक्यातल्या शेतीच्या वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयातून जिल्हा न्यायालयात आणि तिथून हायकोर्टात गेला. तिची सगळी कागदपत्रं मी सांभाळली. मी वकील नाही, त्यामुळे इथे कायद्याचा सल्ला मिळणार नाही. नवख्या पक्षकाराने कधी, कुठे जाऊन काय मागायचं एवढंच सांगतो. एक गोष्ट आधीच मनात ठेवा: हायकोर्टाचं निम्म्याहून जास्त काम सोलापुरातच होतं, आणि ते वेळेत झालं नाही तर कोल्हापूरला कितीही चांगला वकील उभा केला तरी तो अडचणीतच उभा राहतो.

१. प्रकरण खरंच हायकोर्टाचं आहे का, ते आधी बघा

"हायकोर्टात जाईन" हे वाक्य आपल्याकडे बांधावरच्या भांडणातही ऐकू येतं. पण हायकोर्टाच्या आधी बऱ्याच पायऱ्या असतात. त्या गाळून गेलात तर "आधी तिकडे जा" असं सांगून परत पाठवलं जाण्याची शक्यता मोठी असते.

कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशांनी दाव्याचा निकाल दिला, तर पहिलं अपील साधारणपणे जिल्हा न्यायालयात होतं. तिथे हरल्यावर हायकोर्टात सेकंड अपील. फेरफाराचा वाद असेल तर मंडळ अधिकारी, प्रांत, जिल्हाधिकारी, पुण्याचे विभागीय आयुक्त अशी महसुली वाट आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याच्या सेवेचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये जातो. जामिनासाठी आधी सत्र न्यायालय, तिथे अर्ज फेटाळला की हायकोर्ट. भूसंपादनाचा वाढीव मोबदला किंवा मोटार अपघाताची भरपाई यांत मात्र न्यायाधिकरणाच्या किंवा संबंधित न्यायालयाच्या निकालावर थेट हायकोर्टात अपील होतं.

सरकारी कार्यालयाने बेकायदा आदेश काढला, किंवा कायद्याने करायलाच हवं ते काम केलं नाही, तर घटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करता येते. खालच्या न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेखीचा अधिकार कलम २२७ मध्ये आहे. या दोन कलमांमुळेच हायकोर्टाचा धाक तहसील कचेरीपर्यंत पोचतो.

सेकंड अपिलाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सोलापूर जिल्ह्यातले वाटणीचे, बांधाचे, वहिवाटीचे किती तरी दावे शेवटी तिथेच येतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. कोणता साक्षीदार खरं बोलला आणि कोणता खोटं, हे तिथे पुन्हा तपासलं जात नाही. म्हणून वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, "आपल्या प्रकरणात कायद्याचा प्रश्न कोणता?" उत्तर दोन-तीन वाक्यांत आणि तुम्हाला समजेल असं मिळालं पाहिजे. "बघू, घालून तर ठेवू" एवढंच ऐकायला मिळालं तर दुसऱ्या वकिलांचं मत घ्या. आमच्या आत्याने तेच केलं, आणि दुसऱ्या वकिलांनी तो प्रश्न बोट ठेवून दाखवला.

२. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या

निकाल विरोधात गेला की घरात रडारड होते, भावकीत बैठका होतात, कोणी म्हणतं आता पुरे, कोणी म्हणतं लढू. ते सगळं होऊ द्या, पण नकलेचा, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीचा, अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका. अपील करायचं की नाही हे नंतर ठरवता येतं.

ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथल्याच नक्कल विभागात अर्ज द्यायचा. प्रकरण पंढरपूर, बार्शी किंवा माळशिरसच्या न्यायालयात चाललं असेल तर नक्कलही तिथूनच मिळेल. अर्जात प्रकरणाचा नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि काय काय हवं ते नीट लिहा. नुसतं "निकालाची नक्कल" लिहून भागत नाही. दिवाणी प्रकरणात निकालपत्र (कारणांसह निकाल) आणि हुकूमनामा (शेवटी काय ठरलं तो आदेश, म्हणजे डिक्री) हे दोन वेगळे कागद असतात आणि दोन्ही लागतात. अर्जाला कोर्ट फी स्टँप लावा आणि अर्जाचा नंबर लिहून घ्या.

आता या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं. नकलेवर तीन तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि तुम्ही कधी नेली. नक्कल मिळायला लागलेला आवश्यक वेळ मुदतीतून वगळला जातो. पण अर्ज करण्याआधी तुम्ही घरी बसून घालवलेले दिवस वगळले जात नाहीत. नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही आणायला गेला नाहीत, ते दिवसही तुमच्याच खात्यात जातात. म्हणून अर्ज दिल्यावर चौकशी करत राहा. नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून पानं मोजा, शिक्का आणि सही बघा. मधलं पान गहाळ असेल तर ते त्या दिवशी खिडकीवर सांगणं सोपं असतं, महिन्याने नाही.

३. मुदतीचा हिशेब स्वतः मांडा

ठळक मुदती अशा आहेत:

- दिवाणी फर्स्ट अपील किंवा सेकंड अपील, हायकोर्टात: ९० दिवस
- मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील: ९० दिवस
- २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्यावर अपील: ६० दिवस
- सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर अपील: ६० दिवस, फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवस
- पुनरीक्षण अर्ज, म्हणजे रिव्हिजन: ९० दिवस

एक उदाहरण करून बघू. निकाल १ जूनला लागला. नकलेचा अर्ज ५ जूनला दिला, नक्कल २० जूनला तयार झाली. निकालाचा दिवस सोडून ९० दिवस ३० ऑगस्टला भरतात. नकलेचे १६ दिवस त्यात मिळवले की शेवटची तारीख १५ सप्टेंबर येते. पण डायरीत तुम्ही ३० ऑगस्टच लिहा, आणि वकिलांकडे कागद जुलै उजाडायच्या आत पोचवा. ते वरचे दिवस अडीनडीला राहू द्या.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. आजारपण सांगितलं तर दवाखान्याचे कागद लागतात, "निकाल कळलाच नाही" म्हटलं तर तेही पटायला हवं. विलंब माफ झाल्याशिवाय अपील पुढे सरकत नाही, म्हणजे मूळ भांडणाआधी आणखी एक भांडण. रिट याचिकेला अशी आकड्यातली मुदत नाही, पण वर्ष-दोन वर्षं गप्प बसून मग गेलात तर "इतके दिवस कुठे होता" हा प्रश्न येणारच.

४. अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली, असं नाही

मला भेटलेले बहुतेक नवखे लोक इथेच फसलेले असतात. अपिलाचा नंबर पडला की त्यांना वाटतं, आता समोरचा काही करू शकत नाही. तसं मुळीच नाही. हायकोर्टाने स्थगितीचा आदेश दिला तरच खालच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबते. तोवर समोरच्याने दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, टाकली तर बेलिफ (कोर्टाचा कर्मचारी) ताब्यासाठी दारात येऊ शकतो.

म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, "अपील करेपर्यंत अंमलबजावणी थांबवावी" असा अर्ज द्यायला वकिलांना सांगा. अपिलाची मुदत संपायच्या आत त्या न्यायालयालाही काही काळ स्थगिती देता येते. बरेच जण हे मागतच नाहीत.

निकाल तुमच्या बाजूने लागला असेल तर कॅव्हेट टाका. त्यामुळे समोरच्याने हायकोर्टात अर्ज केला तरी तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी आदेश होत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, नंतर पुन्हा टाकावं लागतं. ते रजिस्टर पोस्टाने समोरच्यालाही पाठवावं लागतं, त्याची पोचपावती जपून ठेवा. आणि ते कोल्हापूरलाच दाखल झालंय ना, हे विचारून घ्या.

५. वकील, फी आणि मोफत मदत

सोलापुरातले अनेक वकील आता कोल्हापूरलाही काम चालवतात. खालच्या कोर्टात ज्यांनी प्रकरण चालवलं त्यांना फाईल पाठ असते, तर कोल्हापूरला रोज बसणाऱ्या वकिलांना तिथलं बोर्ड (रोजच्या सुनावण्यांची यादी) आणि ऑफिस माहीत असतं. दोघांनी मिळून काम करणं सगळ्यात बरं. फक्त वकीलपत्रावर कोणाची नावं आहेत आणि फीमध्ये काय काय धरलंय, टायपिंग, भाषांतर, झेरॉक्स, प्रवास, हे आधी बोलून घ्या. पैसे दिले की पावती मागा. कोरी वकीलपत्रं आणि कोरी प्रतिज्ञापत्रं सही करून देऊ नका. "आतून काम करून देतो" म्हणणारा माणूस कोर्टाच्या आवारात भेटला तर त्याच्याशी दुसरं वाक्य बोलू नका.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले कैदी यांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हायकोर्टातल्या प्रकरणासाठीही तिथून मार्ग दाखवतात. हेल्पलाइन १५१०० आहे. यंत्रमागावरचा कामगार किंवा विडी वळणारी बाई यांना हा त्यांचा हक्क आहे हे कोणी सांगतच नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगतो. तुरुंगातल्या कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं.

कोर्ट फीबाबत आणखी एक: पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना राज्य शासनाने १९९४ पासून कोर्ट फी माफ केलेली आहे. वकिलांना आठवण करून द्या.

स्वतःच उभं राहून बाजू मांडायची असेल तर तसा अर्ज करावा लागतो. तुम्ही कामकाज समजून नीट मांडणी करू शकता का, हे हायकोर्टाच्या अधिकाऱ्यांची समिती आधी बघते. कामकाज इंग्रजीत चालतं हेही लक्षात घ्या.

६. पिशवीत काय काय हवं

- निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला, दोन्ही न्यायालयांच्या
- दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), अंतरिम अर्ज आणि त्यावरचे आदेश
- साक्षीपुरावे आणि निशाणी पडलेले महत्त्वाचे कागद
- रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद), विशेषतः "आम्हाला संधी मिळाली नाही" असं म्हणायचं असेल तर
- जमिनीचा वाद असेल तर ताजे सातबारा, आठ-अ, फेरफार उतारे, मोजणी नकाशा
- जामिनासाठी एफआयआर, दोषारोपपत्र झालं असेल तर ते, आणि सत्र न्यायालयाने अर्ज फेटाळल्याचा आदेश
- सगळ्या पक्षकारांची पूर्ण नावं, वय, आजचे पत्ते. कोणी मयत असेल तर मृत्यूची तारीख आणि वारसांची नावं
- आधार कार्ड, फोटो, वकीलपत्र

वारसांची ओळ साधी दिसते, पण वाटणीच्या दाव्यात तीच सगळ्यात जास्त छळते. खालच्या कोर्टात दावा चालू असताना पाच-सहा माणसं वारलेली असतात, लेकी लग्न होऊन अक्कलकोट, विजयपूर, पुण्याला गेलेल्या असतात. कोणाचा पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि एक-एक तारीख त्यातच जाते. एका रविवारी बसून, भावकीत फोन करून, सगळ्यांचे पत्ते एका कागदावर लिहून काढा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. तलाठ्याचं, मंडळ अधिकाऱ्याचं हस्ताक्षर लागत नसेल तर तुम्ही स्वतः ते स्वच्छ लिहून वकिलांना द्या. भाषांतरात गट नंबर आणि क्षेत्र बरोबर आलंय का, हे तुमच्याइतकं कोणी तपासू शकत नाही. प्रतिज्ञापत्र सोलापुरात नोटरीपुढे करता येतं, तेवढ्यासाठी कोल्हापूर गाठायची गरज नसते. मूळ खरेदीखत मात्र कोणालाही देऊन टाकू नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत मागितली तरच न्या आणि पोच घ्या.

७. स्टॅम्प नंबर, ऑब्जेक्शन आणि पक्का नंबर

कागद दाखल झाले की आधी स्टॅम्प नंबर मिळतो. तो दाखल केल्याचा पुरावा, प्रकरणाची पक्की नोंद नव्हे. मग ऑफिस कागद तपासतं आणि ऑब्जेक्शन काढतं: पान अस्पष्ट आहे, भाषांतर नाही, फी कमी आहे, सही राहिली आहे. दिलेल्या मुदतीत ती दूर केली नाहीत तर नोंदणीच नाकारली जाऊ शकते. किती तरी अपिलं अशी न सुनावता संपतात आणि पक्षकाराला वाटत असतं की केस चालू आहे. दाखल केल्यावर महिन्याभरात वकिलांना किंवा त्यांच्या कारकुनांना विचारा, "ऑब्जेक्शन निघाले का? पक्का नंबर काय पडला?"

तातडी असेल, म्हणजे घर पाडायला येणार आहेत किंवा ताबा जाणार आहे, तर वकील प्रिसिपी, म्हणजे लेखी विनंतीचा कागद, देऊन प्रकरण लवकर बोर्डावर घेण्याची विनंती करतात. त्यासाठी तातडीचा कागद हवा. नोटिशीची प्रत, बेलिफचं वॉरंट, काहीतरी.

८. केस स्टेटस स्वतः बघायला शिका

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो मोबाइलमध्ये जपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्यावरून पुढची तारीख, आधीचे आदेश, कोणत्या न्यायमूर्तींपुढे काम आहे, हे सगळं दिसतं. सीएनआर नसेल तर पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं. जुनं प्रकरण मुंबईत दाखल झालेलं असेल तर ते आता कोल्हापूरला दिसतंय की मुंबईला, तेही इथेच बघा. ऐकीव माहितीवर तिकीट काढू नका.

आदेशात येणारे काही शब्द: 'एसओ' म्हणजे पुढची तारीख. 'रूल' म्हणजे याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली. 'अॅड इंटरिम' म्हणजे तात्पुरता दिलासा. तिथे दिलासा "पुढील तारखेपर्यंत" असं लिहिलं असेल तर कान टवकारा. त्या तारखेला काम निघालं नाही तर तो दिलासा पुढे चालू ठेवून घेणं वकिलांच्या लक्षात आणून द्या.

९. कोल्हापूरला जायचं असेल तर

दर तारखेला पक्षकाराने हजर असायची गरज हायकोर्टात सहसा नसते. न्यायालयाने बोलावलं असेल, तडजोड करायची असेल किंवा वकिलांनी खास सांगितलं असेल तरच जा. आदल्या संध्याकाळी बोर्ड बघा. आपला नंबर फार खाली असेल तर काम निघेलच असं नाही. उन्हाळी, दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्याही लक्षात ठेवा.

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज असा रस्ता आहे. रेल्वे कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज मार्गे जाते. रिक्षावाल्याला नुसतं "कोर्टात" म्हणू नका, तो कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात नेऊन सोडेल. सर्किट बेंच सध्या भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, कोर्टरूममध्ये फोन बंद ठेवा, रेकॉर्डिंग चुकूनही करू नका.

१०. प्रश्न गावाचा असेल तर

हायकोर्ट फक्त भावकीच्या भांडणांसाठी नाही. पंढरपूरच्या वारीतल्या शौचालयांचा आणि हातानं मैला उचलायला लावण्याचा प्रश्न जनहित याचिकेतून हायकोर्टापुढे गेला आणि न्यायालयाने शासनाला सोयी उभारायला लावलं. आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या यात्रेत सफाई कामगाराच्या माणूसपणाची दखल तिथे घेतली गेली, याचं मोल मला फार वाटतं.

अशी याचिका करायची तर २०१० चे जनहित याचिका नियम वकिलांकडून समजून घ्या. आधी संबंधित कार्यालयाला लेखी निवेदन द्या, त्याची पोच घ्या, माहिती अधिकारात कागद मिळवा, फोटोंवर तारखा टाका. याचिकेत आपला वैयक्तिक फायदा आहे का, हे प्रामाणिकपणे सांगावं लागतं. गावातल्या विरोधी गटाच्या माणसाला अडकवण्यासाठी हा मार्ग वापरलात तर दंडही बसू शकतो.

११. आदेश मिळाल्यावर

आदेश संकेतस्थळावर आला की उतरवून घ्या आणि लगेच प्रमाणित प्रतीसाठीही अर्ज करा. स्थगिती मिळाली असेल तर ती त्याच दिवशी सोलापूरच्या न्यायालयात, आणि तहसीलदार किंवा पोलिसांचा संबंध असेल तर तिथेही, लेखी पत्रासोबत देऊन शिक्क्याची पोच घ्या. खालच्या कार्यालयाला आदेश आपोआप कळतो असं धरून चालू नका. भरपाईची रक्कम न्यायालयात जमा झाली असेल तर ती काढायला वेगळा अर्ज लागतो, त्यासाठी बँक पासबुक आणि ओळखपत्र तयार ठेवा.

निकाल विरोधात गेला तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी साधारण ९० दिवस असतात, आणि तिथेही पहिला प्रश्न नकलेच्या अर्जाचाच येतो. पुढे जायचं नसेल तर वकिलांकडून फाईल, मूळ कागद आणि ना हरकत घेऊन या, आणि सातबारावर निकालाप्रमाणे नोंद लावायला तलाठ्याकडे अर्ज द्या.